'इनएव्हिटेबल' म्हणू नका



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लिहिणं-वाचणं सगळंच बंद होतं. आता डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पण इतक्या दिवसांनंतरचं हे पहिलं लिखाण जरा रागाचंच होणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवते.

त्याचं झालं असं, की मागच्या रविवारी सकाळी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. हा माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. आमच्याच शाळेत शिकला. आठवी ते दहावी इंग्रजीला माझ्याच हाताखाली होता. वर्गात 'बाई' आणि घरी 'मावशी' अशी त्या बिचाऱ्याची तीन वर्षं ओढाताण झाली. आता पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, पण इंग्रजीत काही अडलं की अजूनही मला फोन करतो. मला त्याचा आनंदच होतो. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. तर्खडकरांचं बोट धरून इंग्रजी शिकले आणि तेच पुढे तीसेक वर्षं पोरांना शिकवलं. अमेरिकेत राहणाऱ्या माणसानं मला इंग्रजी विचारावं, यात थोडा अहंकार सुखावतोच, खोटं कशाला बोलू!

आमची शाळा २०१९ च्या जूनपासून उघडली नाही. आता माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक स्मरणिका काढायचं ठरवलंय. अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. इंग्रजी अशासाठी, की परदेशी असलेल्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. (परदेशीच कशाला, इथल्यांच्या मुलांनाही कुठे येतं! त्याबद्दल पुढे.) इंग्रजी भागातला शाळेचा इतिहास लिहायचं काम भाच्याकडे आलं आहे.

"मावशी, सगळं लिहून झालंय. शेवटच्या परिच्छेदात एका शब्दापाशी अडलोय."

"विचार."

"शाळा बंद झाली ते वाक्य. पाच प्रकारे लिहून बघितलं. वॉज फेटेड टु क्लोज, वॉज डेस्टिन्ड टु क्लोज, वॉज डूम्ड टु क्लोज, वॉज बाउंड टु क्लोज, आणि नाहीतर सरळ, इट्स क्लोजर वॉज इनएव्हिटेबल. अर्थ सगळ्यांचा एकच आहे ना? मग कानाला कुठला बरा वाटतो ते सांग."

मी म्हटलं, "अर्थ एक नाही, आणि यातला एकही लिहू नकोस."

तो हसला. म्हणाला, "बाई, अजून पेपर तपासताय वाटतं तुम्ही!"

फोन ठेवला, पण वाक्य डोक्यातून जाईना. रात्रभर त्याच पाच शब्दांशी भांडत होते. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना व्याकरणाचा कंटाळा आहे त्यांनीही जरा धीर धरा, हे नुसतं व्याकरण नाही.

आधी वर्गातली एक गंमत. आमच्या शाळेतल्या जुन्या डिक्शनरीत या बहुतेक शब्दांपुढे 'नशीब, दैव' असंच छापलेलं असायचं. पोरं शब्द उचलायची आणि वाक्यात कोंबायची. एकानं निबंधात लिहिलं होतं, माय फादर वॉज डूम्ड टु बिकम अ पोलीस इन्स्पेक्टर. म्हणजे वडील फौजदार झाले हे त्यांचं नशीब, असं त्याला अभिमानानं सांगायचं होतं. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ, बिचाऱ्यांना फौजदारकीची शिक्षाच झाली! दुसऱ्या एकानं लिहिलं होतं, आय वॉज डेस्टिन्ड टु मिस द बस. एसटी चुकली तर त्यात कसली आली आहे डेस्टिनी? मी तेव्हा हसून लाल रेघ मारायचे आणि पुढच्या वहीकडे वळायचे. आज वाटतं, थांबून नीट शिकवायला हवं होतं. कारण ती पोरं मोठी झाली आणि तेच शब्द गंभीर ठिकाणी वापरायला लागली.

तर आता शिकवते. उशिरा का होईना.

'फेट' हा शब्द मूळ लॅटिन. त्याचा मूळ अर्थ 'बोललेलं'. देवांनी एकदा उच्चारलं, की झालं. आपल्याकडे सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, त्यांच्याकडे तोंडी हुकूम. आपल्या 'नशीब' शब्दात तर ना लिहिणं आहे ना बोलणं. तो अरबीतून आला आणि त्याचा अर्थ 'वाटा'. आपलं 'भाग्य'ही भागातूनच आलेलं, म्हणजे तोही वाटाच. पण कुठलाही घ्या, देणारा वर बसलेला आणि घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, हे सगळीकडे सारखंच. 'फेट'चा रंग बहुधा काळा. त्याच घरातला 'फेटल' हा शब्द बघा. पूर्वी त्याचा अर्थ 'विधिलिखित' एवढाच होता, आज 'फेटल ॲक्सिडेंट' म्हटलं की प्रेतच डोळ्यांपुढे येतं.

'डेस्टिनी'ही लॅटिनच, पण तिचं मूळ 'पक्कं करणं, ठरवून ठेवणं' यात आहे. 'डेस्टिनेशन' तिचीच बहीण. म्हणजे डेस्टिनीला पोहोचायचं ठिकाण असतं. म्हणूनच ती बहुधा चांगल्या, मोठ्या गोष्टीला शोभते. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री घटना समितीत नेहरूंनी जे भाषण केलं, ते 'ट्रिस्ट विथ डेस्टिनी' म्हणून ओळखलं जातं. 'ट्रिस्ट' म्हणजे आधी वेळ-जागा ठरवून घेतलेली भेट. इथे 'डेस्टिनी' काढून 'फेट' घालून बघा. सगळं भाषण खाली बसेल. फेटशी कुणी भेट ठरवत नाही, ती न सांगता दारात येते.

'डूम' हा मात्र अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याचा मूळ अर्थ न्यायनिवाडा. विल्यम राजानं इंग्लंडातल्या जमीनजुमल्याची मोजदाद करवली, त्या १०८६ च्या दप्तराला लोक 'डूम्सडे बुक' म्हणायला लागले. त्यातली नोंद म्हणजे कयामतीच्या दिवसाचा निकाल, वर अपील नाही. म्हणून 'डूम्ड' म्हणजे निकाल लागून शिक्षा ठोठावलेला. आमचे फौजदारसाहेब तिथे अडकले!

'बाउंड टु' हा या सगळ्यांत साधा, शेतकरी माणसासारखा शब्द. बांधलेलं. त्यात देव नाही, कपाळ नाही. रस्त्यात केळ्याची सालं टाकलीत तर कुणीतरी घसरणारच. हा जो शेवटचा 'च' आहे ना, तोच 'बाउंड टु'. आणि या शब्दाचा मोठा गुण असा, की तो लगेच 'का?' विचारायला लावतो. का घसरणार? कारण सालं टाकली. कुणी टाकली? बघा, आलंच की नाही नाव!

त्याचाच एक चुलतभाऊ 'लाएबल टु'. अमुक वाईट होण्याचा संभव आहे, असा त्याचा एक अर्थ. आणि कोर्टात गेलात की त्याच 'लाएबल'चा अर्थ 'जबाबदार'. हाही मूळचा बांधण्यातूनच आलेला शब्द. होण्याचा संभव आणि झाल्याची जबाबदारी, दोन्ही एकाच शब्दात बांधून ठेवणाऱ्या इंग्रजांचं मला फार कौतुक वाटतं.

आता आपले मुख्य आरोपी. 'इनएव्हिटेबल'. लॅटिनमध्ये टाळण्याला जे क्रियापद आहे, त्याच्यापुढे नकार लावला, की हा शब्द तयार. आपला 'अटळ' अगदी तसाच घडला आहे, टळणे आणि त्याच्यापुढे 'अ'. मला विचाराल तर हा शब्द मुळात वाईट नाहीच. पण यात एक दावा दडलेला आहे, तो लोक विसरतात. 'टाळता येणार नाही' असं म्हणायचं, तर कुणीतरी टाळायचा प्रयत्न करून बघितलेला असला पाहिजे. निदान टाळण्याचे मार्ग तपासून तरी बघितले पाहिजेत. ज्यानं हात हलवला नाही, त्याला हा शब्द उच्चारायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि जाता जाता 'मेन्ट टु बी'. लग्नपत्रिकांपासून ब्रेक-अपपर्यंत सगळीकडे चालतो. इट वॉज मेन्ट टु बी, इट वॉजन्ट मेन्ट टु बी. अहो, कर्मणी प्रयोग आहे तो. कर्ता कुठे आहे? कुणी योजलं होतं? नातीला हे विचारलं तर ती म्हणाली, "आजी, फील घे ना!" घेतला बाई फील.

थोडक्यात, हे शब्द सारखे दिसतात, पण प्रत्येक जण वेगळ्याच माणसाकडे बोट दाखवतो. 'फेट' देवाकडे दाखवतो, 'डूम' न्यायाधीशाकडे, 'बाउंड टु' कारणाकडे. आणि 'इनएव्हिटेबल' नुसताच वापरला तर कुणाकडेच दाखवत नाही. म्हणूनच तो सगळ्यांचा लाडका.

हे काही मी एकटी सांगत नाही, इतिहासातच उदाहरणं आहेत. टायटॅनिकबद्दल इंग्रजीत काहीही वाचा, 'इल-फेटेड' हे विशेषण चिकटलेलंच असतं. जणू जहाजाची पत्रिकाच वाईट होती! १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ते हिमनगावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचच्या आत बुडालं. आता जरा आकडे बघा. जहाजावर सुमारे २,२०० माणसं. जीवरक्षक होड्या २०, आणि त्या सगळ्या मिळून जागा १,१७८ जणांची. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी निम्म्या लोकांना होडीत जागाच नव्हती. आणि हे कायद्याला धरून होतं! कारण होड्यांचा नियम १८९०च्या दशकातला, दहा हजार टनांच्या वरच्या सगळ्या जहाजांना एकाच मापानं मोजणारा. हे जहाज ४६ हजार टनांचं. त्या दिवशी बर्फाच्या सूचना बिनतारी यंत्रावर येत होत्या, तरी वेग फारसा कमी केला नव्हता. सुमारे १,५०० माणसं गेली. यात हिमनग सोडला तर दैवाचा भाग कुठला ते मला दाखवा.

आणि पुढची गोष्ट महत्त्वाची. १९१४ साली लंडनमध्ये देशोदेशींचे प्रतिनिधी बसले आणि समुद्रावरच्या सुरक्षिततेचा करार झाला. जहाजावर जितकी माणसं तितक्यांना होडीत जागा हवी, असं ठरलं. ती मंडळी 'इल-फेटेड' म्हणून गप्प बसली असती तर? फेट असेल तर परिषद कसली घ्यायची, सत्यनारायण घालायचा!

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे 'डेस्टिनी'चा गैरवापर. १८४५ साली अमेरिकेत जॉन ओसलिव्हन नावाच्या संपादकानं 'मॅनिफेस्ट डेस्टिनी' हे शब्द वापरले. सगळा खंड आपण व्यापणार हे उघडच ठरलेलं आहे, असा त्याचा भावार्थ. त्याच वर्षी टेक्सास अमेरिकेत सामील करून घेतला, पुढच्या वर्षी मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं आणि १८४८ च्या तहात कॅलिफोर्नियासकट प्रचंड मुलूख अमेरिकेला मिळाला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना ही डेस्टिनी कुणी विचारली होती का? दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवायचा आणि म्हणायचं, आम्ही कुठे आलो, आम्हाला तर नियतीनं पाठवलं.

१९८०च्या दशकात इंग्लंडच्या पंतप्रधान थॅचरबाईंचं 'देअर इज नो आल्टर्नेटिव्ह' गाजलं होतं. आपल्याकडेही ते आलं, 'पर्याय नाही' या वेषात. आता सोसायटीच्या मीटिंगपासून वरपर्यंत सगळे तेच बोलतात. पर्याय नाही असं ज्याला म्हणायचं असेल, त्यानं निदान विचार केलेले पर्याय मोजून दाखवावेत.

तुम्ही म्हणाल, बाई, आपल्या संस्कृतीतच दैव आहे, तुम्ही कुठे इंग्रजीला दोष देता? तर ऐका. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. कर्म जिथे घडतं ती जागा, करणारा माणूस, त्याची साधनं, त्याची खटपट, आणि मग दैव. दैव तिथे पाचवं आहे. पाचवं! आपण मात्र त्याला पहिल्या नंबरावर बसवतो आणि उरलेल्या चौघांना गैरहजर लावतो. 'दैव देतं आणि कर्म नेतं' असं माझी आजी म्हणायची. तिला शाळा ठाऊक नव्हती, पण कुठलं खातं कुणाच्या नावावर मांडायचं ते बरोबर ठाऊक होतं.

आता आमच्या शाळेकडे येते. हात थोडा जड झाला आहे, पण लिहिते.

मी लागले तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या, आणि एकेका वर्गात साठ-साठ मुलं. मागच्या बाकावर तिघंतिघं बसायची. २००६ मध्ये संस्थेनं त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. त्याआधी सगळ्या शिक्षकांची बैठक बोलावली होती. अध्यक्ष म्हणाले, "काळाची गरज आहे. हे आता अटळ आहे." आम्ही सत्तावीस जण होतो. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तर मान डोलावली. कारण माझी थोरली नात त्याच जूनमध्ये दुसऱ्या एका इंग्रजी शाळेच्या बालवाडीत जाणार होती. मुलानं आणि सुनेनं ठरवलं होतं, पण मला विचारलं तेव्हा मीच म्हटलं होतं, "घाला, आजकाल त्यावाचून चालत नाही." मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं हे म्हटलं होतं.

पुढचा क्रमही सांगते. नव्या शाळेला रस्त्याकडची इमारत मिळाली. प्रयोगशाळा तिकडे गेली, 'तात्पुरती'. मी २००८ मध्ये निवृत्त झाले. माझ्या जागेवर पूर्णवेळ शिक्षक आला नाही, तासिका तत्त्वावर कुणी ना कुणी येत-जात राहिलं. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली, म्हणजे ती जागा भरायची आशाही गेली. त्याच वर्षी स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि विनाअनुदान शाळा काढणं सोपं झालं. तालुक्याच्या गावात एकीच्या तीन इंग्रजी शाळा झाल्या. आमच्या मागच्या इमारतीचे पत्रे गळत होते, त्यासाठी दोनदा अर्ज दिले होते म्हणे. शेवटच्या वर्षी दहावीत अकरा मुलं होती. संस्थेचं पत्रक निघालं ते इंग्रजीत. मराठी शाळा बंद करत असल्याचं पत्रक इंग्रजीत! आणि त्यात शब्द होता, तुम्ही ओळखलाच असेल, 'इनएव्हिटेबल'.

मंडळी, या यादीत नियती कुठे आहे ते मला सांगा. बैठक आहे, मौन आहे, गळके पत्रे आहेत, सरकारी निर्णय आहे, कायदा आहे, आईबापांची धाकधूक आहे, माझी मान आहे. प्रत्येक पायरीवर माणूस उभा आहे. आणि शेवटी सगळे मिळून एक लॅटिन शब्द पांघरून झोपलो.

भाच्याला मी हे सगळं दुसऱ्या फोनवर सांगितलं. त्यानं दोन आक्षेप घेतले, ते प्रामाणिकपणे इथे नोंदवते.

पहिला आक्षेप असा, की "मावशी, संस्थेनं काहीही केलं असतं तरी शाळा बंद पडलीच असती. लोकांनाच इंग्रजी हवंय." असेल. मी नाही म्हणत नाही. आईबापांची काळजी खोटी नव्हती. नोकरीच्या मुलाखतीत मुलाला बोलता येत नाही म्हणून रडणारे बाप मी पाहिले आहेत. पण मग 'लाइकली टु क्लोज' लिही. 'बहुधा' आणि 'अटळ' यात जेवढं अंतर आहे, तेवढ्यातच माणसाचं सगळं कर्तृत्व मावतं. नाशिकचं आनंद निकेतन, पुण्याचं अक्षरनंदन या मराठी माध्यमाच्याच शाळा आहेत, आणि तिथे पालक विचारपूर्वक मुलं घालतात. तिथे कुणीतरी मान डोलावली नाही, एवढाच फरक असेल असं मी म्हणत नाही. ती शहरं आहेत, तिथली परिस्थिती वेगळी. पण आम्ही तर प्रयत्नच केला नाही. सेमी-इंग्रजीचा विषय एकदा निघाला आणि चहाबरोबर संपला. इंग्रजी संभाषणाचा जादा तास मी सुरू करू शकले असते. केला नाही. तेव्हा आम्हाला 'इनएव्हिटेबल' म्हणायचा हक्कच नाही.

दुसरा आक्षेप, "एका शब्दावरून इतकं? वाचणारी मुलं न्यू जर्सीतली आहेत, त्यांना काय फरक पडतो?" अरे बाबा, त्यांनाच तर फरक पडतो! आपल्या आजोबांची शाळा का गेली, हे त्यांना त्या एकाच वाक्यातून कळणार आहे. इथल्या कुणालाही ती विचारायला येणार नाहीत. त्यांना आपण सांगणार, की ती आपोआप मेली, म्हातारी झाली होती. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच भाच्यानं मला पेढ्यांचा फोटो पाठवला होता. दर्जा मिळाला तो प्रयत्नांमुळे, आणि शाळा गेली ती मात्र नशिबामुळे? हा हिशेब मला पटत नाही.

आता कुणी म्हणेल, बाईंना जगात अटळ असं काही मान्यच नाही. तसं नाही हो. २०१६ मध्ये आमच्या 'ह्यां'ना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर तरुण होते, पण माणूस नीट. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. शस्त्रक्रिया का करता येणार नाही ते चित्र काढून दाखवलं. औषधानं किती महिने मिळतील आणि त्याचा त्रास काय होईल ते सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या म्हणाले, आम्ही घेतलं. आणि मग ते म्हणाले, नाऊ इट इज ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम. मला त्या वाक्याचा राग आला नाही. आजही येत नाही. कारण त्या वाक्याच्या आधी त्यांनी सगळी दारं ठोठावून बघितली होती आणि आम्हालाही ठोठावू दिली होती. चार महिन्यांनी हे गेले. ते अटळ होतं. तो शब्द तिथे मी स्वतः लिहीन, आणि हात कापणार नाही.

म्हणूनच दुसरीकडे तो स्वस्तात वापरलेला मला सहन होत नाही. ज्या शब्दानं मी नवऱ्याचं जाणं स्वीकारलं, तोच शब्द गळक्या पत्र्यांसाठी वापरायचा?

तर भाच्याला मी माझं वाक्य सांगितलं. साधं आहे, पाचवीतल्या मुलालाही येईल. वी लेट द स्कूल क्लोज. आम्ही शाळा बंद होऊ दिली. कर्ता आहे, क्रियापद आहे, कर्म आहे. तर्खडकरांना आवडलं असतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, मला पटतंय. पण समितीला 'वी' चालणार नाही. त्यात संस्थेची माणसं आहेत, जाहिराती त्यांच्याच आहेत."

मी म्हटलं, "मग निदान 'द स्कूल वॉज क्लोज्ड' लिही. कुणी ते वाचणाऱ्याला विचारू दे. पण 'इनएव्हिटेबल' छापणार असाल, तर मार्गदर्शकांच्या यादीतून माझं नाव काढा."

काल त्याचा निरोप आला, समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. काय ठरतं ते कळवीनच. नाव निघालं तर वाईट वाटेल. त्या शाळेच्या छापील कागदावर नाव यायची ही शेवटचीच वेळ असणार. पण २००६ च्या बैठकीत मी गप्प बसले होते, आता पुन्हा बसणार नाही.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी जे आमच्या शाळेचे आहेत, त्यांनी जरूर लिहा, रागावून लिहिलंत तरी चालेल. आणि ज्यांच्या घरात, ऑफिसात, गावात असा एखादा 'अटळ' पडून आहे, त्यांनी त्याच्याखाली काय काय झाकलंय ते एकदा उचलून बघा. मी माझ्यापुरतं बघितलं. खाली माझीच मान होती, डोलणारी.

डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली. पुन्हा भेटूच.